एकटेच आलात का? : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

एकट्याने फिरण्याबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं तेव्हा मला वाटलं होतं की व्हिसा, बॅगेचं वजन, तिकिटं असलं काहीतरी येईल. पण नाही, निम्म्याहून जास्त पत्रं एकाच गोष्टीबद्दल, माणसं. भेटतील का, भेटली तर बोलायचं काय, आणि नको ती भेटली तर काय. म्हणून यावेळी बाकी सगळं बाजूला ठेवून फक्त तेवढंच घेतलंय.

ताई, मी २६ वर्षांची आहे आणि पहिल्यांदाच एकटी दहा दिवस चाललेय. सहा शहरं आहेत, सगळं बुकिंग झालंय. पण मी शाळेपासून घुमी, स्वतःहून कुणाशी बोलणं मला जमतच नाही. रील्समध्ये बघावं तर सगळ्यांना पहिल्याच संध्याकाळी गँग मिळालेली असते. मला कुणीच नाही भेटलं तर? – घुमी

अगं, रील्समध्ये गँग दिसते, त्याआधी तीन तास बेडवर लोळत फोन स्क्रोल करत घालवलेली दुपार कुणी टाकतं का कधी? ती दुपार सगळ्यांची असते, माझी तर दर ट्रिपला असते.

तुझ्या पत्रातली मला खटकलेली गोष्ट वेगळीच आहे. दहा दिवस आणि सहा शहरं. तू घुमी आहेस हा प्रॉब्लेमच नाहीये, तू एका जागी दोन दिवससुद्धा टिकत नाहीयेस हा आहे. ओळख पहिल्या भेटीत होत नसते, दुसऱ्या भेटीत होते. काल संध्याकाळी जिन्यात दिसलेली मुलगी आज सकाळी परत दिसली की आपोआप तोंडातून निघतं, अरे, अजून इथेच? आणि तिथून पुढे घुम्या माणसालासुद्धा फार काही करावं लागत नाही. पण ती दुसरी भेट व्हायला दुसऱ्या सकाळी तू तिथे असायला पाहिजेस ना. तर सहातली तीन शहरं काप, जिथे जाशील तिथे तीन रात्री तरी राहा, आणि रोज सकाळी एकाच ठिकाणी एकाच वेळी जाऊन बस. तेच टेबल, तीच खुर्ची. कंटाळवाणं वाटतं ऐकायला, पण तिसऱ्या दिवशी तिथली माणसं मान हलवायला लागतात बघ.

राहायला हॉस्टेल बघ, हॉटेल नको. हॉस्टेलची कल्पनाच मुळात एका शिक्षकाची, रिचर्ड शिरमान नावाचे जर्मन मास्तर होते, १९०९ मध्ये पोरांना घेऊन पायी सहलीला निघाले आणि वादळात अडकले, रात्र काढली एका शाळेच्या इमारतीत, आणि तिथेच त्यांच्या डोक्यात आलं की सुट्टीत रिकाम्या पडलेल्या शाळांमध्ये मुलांची झोपायची सोय का नसावी. मग १९१२ मध्ये आल्टेना गावच्या किल्ल्यात पहिलं कायमचं हॉस्टेल निघालं. लाकडी बंक, सामायिक खोल्या. स्वस्तात सोय म्हणून केलेली ती गोष्ट, पण शंभर वर्षांनी आपण तिथे जातो ते त्या सामायिकपणासाठीच. एकच किचन, एकच मोठं टेबल, चार्जिंगचे प्लग कायम दोन कमी. हे दोन कमी प्लग फार कामाचे आहेत बरं का.

कारण सुरुवात कशी करायची तर छोटीशी मदत मागून. हा प्लग चालतो का? खालचा बेड कुणाचा आहे? गरम पाणी कुठल्या नळाला येतं? समोरच्याला एका दमात उत्तर देता येईल आणि नको असेल तर सुटताही येईल असा प्रश्न. मग नेहमीचे तीन येतातच, कुठून आलीस, किती दिवस, पुढे कुठे. हे तीन प्रश्न प्रत्येक प्रवाशाने इतक्यांदा ऐकलेले असतात की उत्तरं टेपसारखी वाजतात. मी त्याऐवजी विचारते, आज काय फसलं? कुणाची बस चुकलेली असते, कुणी दोन तास चालून बंद दारापर्यंत पोचलेलं असतं, आणि फसलेलं सांगायला माणसाला जेवढा उत्साह असतो तेवढा बघितलेल्या देखाव्याबद्दल कधीच नसतो. एकदा माझ्या डॉर्ममधली, म्हणजे हॉस्टेलच्या सामायिक खोलीतली एक मुलगी, दोन दिवस शब्द नाही बोलली, ती या प्रश्नावर पलंगावर उठून बसली आणि एक बूट हातात धरून वीस मिनिटं सांगत होती की दुसरा बूट नदीत कसा गेला.

डॉर्म निवडताना चार ते सहा बेडचा घे. बारा-सोळाच्या डॉर्ममध्ये गर्दी जास्त आणि बोलणं कमी, प्रत्येकाला वाटतं दुसरं कुणीतरी बोलेल. आणि पहिल्याच दिवशी एखादी वॉकिंग टूर कर, दोन-अडीच तास सगळे शेजारी शेजारी चालतात, समोरासमोर बसून बोलण्यापेक्षा बाजूने चालत बोलणं केव्हाही सोपं, डोळ्यात बघायची सक्ती नाही आणि विषय संपला तर बघायला इमारती आहेतच. (फ्री टूर असेल तर गाईड टिपवरच जगतो, शेवटी गुपचूप सटकू नकोस.)

अजून एक, रात्री झोपताना डोकं खाणाऱ्या विचारांसाठी. २०१४ मध्ये निकोलस एपली आणि ज्युलियाना श्रोडर यांचा एक अभ्यास आला होता, शिकागोच्या रोजच्या प्रवाशांवर. लोकांना आधी विचारलं तर म्हणाले अनोळखी माणसाशी बोलत गेलो तर प्रवास बोअर होईल, गप्प बसलो तर बरा जाईल, आणि प्रत्यक्षात ज्यांना बोलायला लावलं त्यांचा प्रवास गप्प बसलेल्यांपेक्षा चांगला गेला. २०१८ मध्ये एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की पहिल्यांदा गप्पा मारून झाल्यावर आपण समोरच्याला किती आवडलो याचा अंदाज आपण सहसा कमीच लावतो. म्हणजे तू कूस बदलत म्हणशील, मी किती येड्यासारखं बोलले, तेव्हा ती समोरची तुझ्याबद्दल नाही, स्वतः किती येड्यासारखं बोलली याचाच विचार करत असते.

मी ३४ वर्षांची, गेली चार वर्षं एकटी फिरते. ओळखी करायला आवडतात पण सतत एक डोळा उघडा ठेवून. घरचे म्हणतात कुणावर विश्वास ठेवू नकोस, मैत्रिणी म्हणतात थोडं मोकळी हो. नेमकं कुठे थांबायचं? – एक डोळा उघडा

तो डोळा उघडाच ठेव. मला मोकळी हो म्हणणारे लोक बहुतेक वेळा ग्रुपने फिरणारे असतात असा माझा अनुभव आहे.

पण विश्वास म्हणजे एकच मोठं कुलूप, एकदा काढलं की सगळं उघडं, असं नसतं. मी तीन गोष्टी वेगळ्या करते, वेळ, माहिती आणि जागा. वेळ मी सढळ हाताने देते, कुणाशीही तासभर गप्पा मारते. माहिती बेताने. आणि जागा मात्र मीच ठरवणार. ओळख समोरच्याने काढली आणि चल तिथे जाऊ या हेही त्यानेच ठरवलं, असं दोन्ही झालं की मी जागा बदलते. नको, ते समोरचं आहे तिथे बसू. चांगल्या माणसाला यात काही फरक पडत नाही, वाईट हेतू असेल तर लगेच चेहरा पडतो किंवा आग्रह सुरू होतो. बीजिंग आणि शांघायच्या पर्यटकांच्या गर्दीच्या भागातला चहाचा सापळा तू ऐकला असशील, दोन गोड मुली येतात, इंग्रजीचा सराव करायचाय म्हणतात, मग पारंपरिक चहा दाखवायला एका ठिकाणी नेतात आणि शेवटी डोळे फिरतील असं बिल येतं. आता यात बोलण्यात काहीच चूक नाही, फसवणूक सगळी त्या जागेत आहे. वेगवेगळ्या शहरांत हाच खेळ बारच्या नावाने चालतो, आणि त्यात पुरुष जास्त अडकतात, त्यामुळे हे फक्त बायकांसाठी लिहितेय असं कुणी समजू नका.

माहितीबद्दल माझीच फजिती सांगते. एका संध्याकाळी एका भल्या जोडप्याशी बोलता बोलता मी कुठे उतरलेय ते नाव, मजला, दार जिन्यासमोर आहे इथपर्यंत सगळं सांगून टाकलं. का, तर कौतुकाने, खोली फार छान आहे हो! त्यांनी काही केलं नाही, बिचारे चांगलेच होते, पण रात्री मला झोप येईना, शेवटी खुर्ची ओढून दाराच्या हँडलखाली लावली आणि वर तिच्यावर बॅग ठेवली. सकाळी ती बॅग पडल्याच्या आवाजाने मीच किंचाळले. तेव्हापासून कुणी विचारलं कुठे राहतेस तर मी भागाचं नाव सांगते, जागेचं नाही. एकटीच आलीस का याला माझं उत्तर ठरलेलं आहे, आत्ता एकटी आहे, बाकीचे संध्याकाळी भेटतील. खोटं बोलल्याचं पाप मी माझ्या डोक्यावर घेते, तू बिनधास्त सांग.

अनोळखी लोकांच्या घरी राहायचं असेल तर. ही पद्धत ॲपच्या फार आधीची आहे, सर्वास नावाची संस्था दुसऱ्या महायुद्धानंतर १९४९ मध्ये सुरू झाली, लोकांनी एकमेकांच्या घरी राहावं म्हणजे पुन्हा युद्ध नको वाटेल अशा विचाराने, आणि तिथे आधी तुमची मुलाखत होते मग ओळखपत्र मिळतं. याच कामाची वेबसाइट, काउचसर्फिंग, आली २००४ मध्ये, तिथे मुलाखतीच्या जागी रिव्ह्यू आले. तर रिव्ह्यू वाचायचे कसे हे महत्त्वाचं. पाच स्टारवाले सोड, कोमट रिव्ह्यू शोध आणि त्यातही एकट्या आलेल्या बायकांनी लिहिलेले. जरा जास्तच फ्रेंडली आहे, गप्पा मारायला आवडतात पण स्पेस द्यायला हवी होती, असलं एक वाक्य जरी दिसलं तरी पुढे सरक. लोक सभ्यपणामुळे स्पष्ट लिहीत नाहीत. आणि कितीही चांगला होस्ट असला तरी त्याच रात्री दुसरीकडे जाता येईल एवढे पैसे आणि एक पत्ता कायम जवळ, लाईव्ह लोकेशन घरी एकाला तरी ऑन.

आणि अस्वस्थ वाटलं तर उठून जायला कारण द्यावं लागत नाही गं. पोट दुखतंय वगैरेसुद्धा नको. निघते, एवढं पुरे.

मी ६३ वर्षांचा, सेवानिवृत्त. पत्नीला प्रवास सोसत नाही, तिच्या संमतीने एकटा फिरतो. हॉस्टेलमध्ये राहून पाहिले, सगळी नातवंडांच्या वयाची मुले. आदराने बोलतात आणि लगेच निघून जातात. आमच्यासारख्यांनी कुणाशी बोलावे? – एक काका (तिथेही काकाच म्हणत होते)

काका, आता मीही काकाच म्हणतेय, माफ करा. आदराने बोलून निघून जाणं हे फार लागतं खरं, त्यापेक्षा कुणी भांडलेलं परवडलं.

हॉस्टेलची संध्याकाळ तुमची नाही, पण सकाळ तुमची आहे. सहा-साडेसहाला कॉमन रूममध्ये जे दोघं-तिघं असतात ते तुमच्या वयाचे तरी असतात किंवा तुमच्या स्वभावाचे तरी.

पण मी तुम्हाला खरं तर चालायच्या वाटेवर पाठवेन. स्पेनची कॅमिनो द सांतियागो ही जुनी यात्रेची वाट आहे, तिचा सगळ्यात प्रसिद्ध फाटा म्हणजे फ्रेंच वे, साधारण ७८० किलोमीटर, पण सगळा चाललाच पाहिजे असं नाही, शेवटचे १०० किलोमीटर पायी केले तरी वाट संपते त्या सांतियागोला प्रमाणपत्र मिळतं. २०२३ मध्ये चार लाखांहून जास्त लोकांनी ते घेतलं. तिथे ओळखी का होतात तर सगळे एकाच दिशेने चालतात आणि दिवसाला साधारण वीस-पंचवीस किलोमीटरच चालतात, त्यामुळे सकाळी पुढे गेलेला माणूस संध्याकाळी त्याच गावात पायाचे फोड दाबत बसलेला सापडतो. वर घुमी मुलीला जे सांगितलं की दुसरी भेट व्हायला एका जागी थांब, ते इथे न थांबता होतं, कारण अख्खी वस्तीच तुमच्याबरोबर पुढे सरकत असते. आणि वयाचं म्हणाल तर फोड सगळ्या वयात सारखेच येतात. गुडघ्यांचं मात्र डॉक्टरांना विचारून घ्या आणि बॅग हलकी ठेवा.

एवढं लांब नको असेल तर कुठल्याही शहरात शनिवारी सकाळी पार्करन आहे का बघा. २००४ मध्ये लंडनच्या बुशी पार्कमध्ये १३ धावणाऱ्यांवर सुरू झालं, आता वीसहून जास्त देशांत चालतं, पाच किलोमीटर, फुकट. धावायलाच पाहिजे असं नाही, चाललं तरी चालतं, आणि सगळ्यात मागे चालायला त्यांचा एक स्वयंसेवक ठेवलेलाच असतो त्यामुळे तुम्ही कधीच शेवटचे येत नाही. मला ही कल्पना फार आवडते. संपल्यावर लोक तिथेच घुटमळतात, तेव्हा लगेच निघू नका. त्याहून भारी म्हणजे आधी कळवून स्वयंसेवक व्हा, हातात काहीतरी काम असलं की लोक स्वतःहून येऊन बोलतात, काका म्हणून नाही, टोकन देणारा माणूस म्हणून.

ताई, भाषाच येत नसेल तर? ट्रान्सलेटर ॲप आहे पण फोन तोंडासमोर धरून बोलायला फार ऑकवर्ड होतं. – मुका प्रवासी

होतंच. ॲप रस्ता विचारायला, औषध मागायला, ॲलर्जी सांगायला ठेव. गप्पांसाठी हात वापर, आणि कागद.

रात्रीची ट्रेन होती, समोरच्या बर्थवर एक आजी, आमच्यात एक शब्द कॉमन नाही. माझ्या बॅगेचा पट्टा शिवणीत उसवला होता, मी त्याला गाठ मारायच्या खटपटीत. आजींनी थोडा वेळ बघितलं, मग काहीतरी पुटपुटत पिशवीतून डबी काढली, सुई काढली, दोरा ओठांनी ओला केला, सुईच्या भोकाशी तीनदा चुकला आणि मग सरळ सुई-दोरा माझ्यापुढे धरला. मी ओवून दिला. त्यांनी पट्टा शिवला. मग त्यांनी फोटो दाखवले, मुलगा, सून, एक कुत्रा. मी माझे दाखवले. पुढचं स्टेशन येईपर्यंत त्यांना माझ्या भावाचं नाव पाठ होतं. मी आजही तीच बॅग वापरते, तो पट्टा काही परत उसवला नाही, बाकी सगळी फाटलीय.

लांब पल्ल्याच्या ट्रेन यासाठी मस्तच. मॉस्को ते व्लादिवोस्तोक ही लाइन ९,२८९ किलोमीटर, सलग गेलं तर साधारण आठवडा, आणि तिथल्या प्लात्सकार्त डब्यात ५४ बर्थ असतात, मध्ये दारंच नाहीत. अशा डब्यात माणूस किती दिवस अनोळखी राहणार? एक पत्त्यांचा जोड ठेव जवळ. आणि त्या भाषेतले पाच शब्द शिक, नमस्कार, धन्यवाद, माफ करा, छान, आणि पाचवा हे काय आहे, या पाचव्यावर तर आख्खी दुपार निघते.

मागच्या ट्रिपमध्ये तिघांशी जिवाभावाची मैत्री झाली, म्हणजे मी घरी कुणाला सांगितल्या नाहीत अशा गोष्टी त्यांना सांगितल्या. परत आल्यावर ग्रुप महिनाभर चालला मग शांत. माझे मेसेज निळ्या टिकवर पडून आहेत. मी येडा होतो का? – सीन झोन, वय २९

नाही रे. आकडा सांगते. जेफ्री हॉल यांचा २०१८ चा अभ्यास आहे, साधी ओळखीची मैत्री व्हायला साधारण ५० तास, मित्र म्हणावं इतपत यायला ९० च्या आसपास आणि जिवलग व्हायला २०० च्या वर तास एकत्र जावे लागतात. आता ट्रिपचा हिशोब कर, सकाळी आठ ते रात्री दहा एकत्र, चार दिवस. छप्पन्न तास झाले. ऑफिसातल्या माणसाबरोबर गप्पांचे एवढे तास व्हायला वर्ष जातं. तर तुला जे वाटलं ते खरंच होतं, फक्त ते पन्नास तासांचं होतं आणि तू त्याला दोनशेचं समजलास.

आणि ते आतलं सांगून टाकणं, त्याबद्दल वाईट वाटून घेऊ नकोस. जॉर्ज झिमेल या समाजशास्त्रज्ञाने १९०८ मध्येच लिहून ठेवलंय की परक्या माणसाला लोक अशा गोष्टी सांगतात ज्या अगदी जवळच्यांपासून लपवतात. तो उद्या जाणार असतो म्हणूनच तर सांगता येतं! ते तिघं घरी असते, तुझ्या आईला ओळखत असते, तर तू तोंड उघडलं असतंस का? तुझ्या सांगण्यात त्यांचं निघून जाणं आधीपासून धरलेलं होतं, तुला तेव्हा दिसलं नाही इतकंच.

आता प्रॅक्टिकल. ग्रुप मरतो कारण ग्रुपमध्ये उत्तर द्यायची जबाबदारी कुणाचीच नसते. तिघांना वेगवेगळा मेसेज कर, कसे आहात वगैरे नको, काहीतरी नेमकं पाठव, त्या दिवशीचा एखादा फोटो, तुझी छत्री अजून माझ्याकडे आहे असलं काहीतरी. एक जण उत्तर देईल बहुतेक. तिघांतला एक म्हणजे चांगला रेट आहे, माझा त्याहून कमी आहे. बाकी दोघांना सोड, कधी त्यांच्या शहरात गेलास तर कळव, दोन वर्षांनीही कळवलंस तरी विचित्र वाटत नाही, प्रवासातल्या मैत्रीत ती एक सोय असते.

हॉस्टेलमधल्या एका ग्रुपने मला सामील करून घेतलं, चांगले आहेत, पण आता मला माझं एकटं फिरायचंय आणि सुटता येत नाहीये. ते रोज रात्री दुसऱ्या दिवसाचा प्लॅन माझ्यासकट करतात. – अडकलेला

रात्री त्यांचा प्लॅन ठरायच्या आधी तुझा सांग. उद्या मी एकटा अमुक ठिकाणी जातोय, संध्याकाळी सातला टेबलावर भेटू. सातची वेळ द्यायला विसरू नको, वेळ दिली की कुणाला वाटत नाही तू रागावलायस. सकाळी चोरासारखा पाच वाजता बूट हातात घेऊन निघू नकोस मात्र, मी केलंय ते, आणि जिन्यात त्यांच्यातलाच एक जण बूट हातात घेऊन उभा होता.